शिक्का बदलतो, गाव तेच राहते

मागच्या वर्षी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत राजकारणावर गप्पा चालल्या होत्या. कोणता आमदार कुठल्या पक्षात गेला, कोण परत आला, असा विषय. एक सर हसत म्हणाले, "गल्लोगल्ली सूर्याजी पिसाळ झालेत आता." सगळे हसले, मीही हसले. मग शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, "तो तर शेवटी मुसलमानच झाला होता ना?" आणि म्हणता म्हणता त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले. "मॅडम, तुम्हाला नाही हं म्हटलं," त्या घाईघाईने म्हणाल्या. मी म्हटले, "अहो, कळलं मला." डबे बंद झाले, विषय बदलला.

त्या बाई मनाने चांगल्या आहेत. ईदला घरी येतात, शीरखुर्मा दोनदा मागून घेतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ती दोन वाक्ये ज्या क्रमाने आली तो क्रम डोक्यातून जाईना. आधी गद्दार, आणि लगेच त्याच्यामागे मुसलमान.

दुसरी गोष्ट माझ्या वर्गातली. सातवीच्या इतिहासात मराठ्यांचा स्वातंत्र्यसंग्राम शिकवताना एका मुलाने विचारले, "मॅडम, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने होतो?" मुरुडची सहल नुकतीच झाली होती. जंजिऱ्याच्या तोफा पाहून आलेली मुले. त्याच्या 'आपण'मध्ये नेमके कोण कोण येते, हे त्यालाही ठाऊक नव्हते. मी त्या दिवशी काहीतरी गोल उत्तर दिले. आज जरा नीट उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

प्रश्न असा आहे : परका राजा चढाई करून आला, मुलूख त्याच्या ताब्यात गेला, आपला राजा दूर निघून गेला. अशा वेळी गावात आणि परगण्यात जे अधिकारी मागे राहतात, त्यांची निष्ठा कशी मोजायची?

आधी हे अधिकारी कोण ते पाहू. त्या काळी परगण्याला देशमुख आणि देशपांडे, गावाला पाटील आणि कुलकर्णी, कोकणात खोत, आणि शिवाय काझी, खतीब, मुकादम. ही पदे वतनाची, म्हणजे बापाकडून मुलाकडे येणारी. आमच्या कोकणी मुसलमानांत काझी, खतीब, मुकादम, सरखोत, देशमुख ही आडनावे आजही घरोघर आहेत, ती या कामांचीच खूण. वसूल गोळा करणे, जमिनीची नोंद ठेवणे, तंटे मिटवणे, गावाच्या वतीने सरकारपुढे उभे राहणे हे त्यांचे काम. निजामशाही गेली, आदिलशाही आली, मग स्वराज्य आले, तरी देशमुख देशमुखच राहिला. कागदावरचा शिक्का बदलायचा, गाव तेच राहायचे. म्हणून नवा राजा आला की त्याला सगळ्यात आधी हीच माणसे लागत. त्यांच्याशिवाय एक दाणाही वसूल होत नसे.

आता १६८९ साल. फेब्रुवारीत संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांना ठार केले. इतिकदखानाने रायगडाला वेढा घातला. राजाराम महाराज एप्रिलमध्ये गडावरून निसटले आणि पुढे थेट जिंजीला, आजच्या तमिळनाडूत गेले. येसूबाई लहानग्या शाहूसह गडावर राहिल्या. नोव्हेंबरमध्ये गड मोगलांच्या हाती गेला, खानाला झुल्फिकारखान हा किताब मिळाला आणि येसूबाई-शाहू छावणीत कैदेत गेले. मोगलांनी रायगडाचे नाव इस्लामगड ठेवले. पुढे गड जंजिऱ्याच्या सिद्दीकडे आला आणि मराठ्यांना तो परत मिळायला १७३३ साल उजाडले. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे. महाड आणि आसपासच्या गावांत दोन पिढ्या या काळात जन्मल्या, मोठ्या झाल्या. त्या गावांच्या पाटील-कुलकर्ण्यांनी काय करायला हवे होते?

आपल्या मनात या प्रश्नाचे उत्तर म्हणून एकच नाव कोरलेले आहे, सूर्याजी पिसाळ. वाईच्या देशमुखीच्या लोभाने त्याने रायगड शत्रूला दिला, बादशहाने धर्म बदलण्याची अट घातली आणि ती त्याने मानली, अशी ही गोष्ट. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती आली आणि तिथून ती पुस्तके, नाटके, भाषणे करत आपल्या बोलण्यात रुजली. वतनासाठी माणसे शत्रूला मिळत, यात काही शंका नाही. पण सात महिन्यांहून जास्त चाललेला वेढा, दूर गेलेला राजा, मदतीची आशा नाही, अशा परिस्थितीत गड एका माणसाने दरवाजा उघडल्यामुळे पडला की येसूबाईंनी बोलणी करून तो खाली केला, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि केवळ फितुरीची गोष्ट अनेकांना पटत नाही. तरी आपल्याला एक नाव लागते. एवढा मोठा पराभव एका माणसाच्या खात्यावर टाकला की बाकीचे मोकळे होतात.

आता माझ्या बाजूची, म्हणजे किनाऱ्यावरची गोष्ट. श्रीवर्धनला पेशवे स्मारक आहे, बाळाजी विश्वनाथांचा पुतळा आहे. मुलांना घेऊन मी तिथे अनेकदा गेले आहे. पुतळ्यासमोर मुलांना मी विचारते, "पेशवे व्हायच्या आधी हे कोण होते?" कुणालाच सांगता येत नाही. ते भट घराण्यातले, आणि भट हे दंडाराजपुरी व श्रीवर्धनचे देशमुख. हा मुलूख सिद्दीच्या अमलाखाली होता, म्हणजे बाळाजी भट हा सिद्दीच्या राज्यातला स्थानिक वतनदार अधिकारी. चिपळूणला मिठागरावर त्यांनी कारकुनी केल्याचेही सांगतात.

मग सिद्दीला संशय आला की हे देशमुख आतून मराठ्यांच्या आरमाराशी, आंग्र्यांशी संधान बांधून आहेत. परंपरेने चालत आलेली हकीकत अशी की सिद्दीने बाळाजींचे भाऊ जानोजी यांना पकडले, पोत्यात घालून समुद्रात बुडवले. बाळाजी सावित्रीची खाडी ओलांडून वेळासला भानूंच्या घरी आले आणि भानू मंडळीही त्यांच्याबरोबर देशावर निघाली. याच भानूंच्या घरात पुढे नाना फडणवीस झाले. आज बागमांडल्याहून वेसवीला जंगल जेट्टीवर गाडी चढवली की थोड्याच वेळात पलीकडे. तेव्हा त्याच पाण्याच्या अलीकडे मरण होते आणि पलीकडे आसरा.

इथे जरा थांबून पाहा. सिद्दीच्या दफ्तरात बाळाजी भटाची नोंद काय असेल? फितूर देशमुख. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी बेइमान. आणि आपण त्याच माणसाला हार घालतो. घालावाच, माझी हरकत नाही. पण एकाच कृत्याला दोन बाजूंनी दोन नावे पडतात, हे श्रीवर्धनच्या त्या पुतळ्याजवळ जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही. आणि जानोजी? त्याने खरोखर संधान बांधले होते का, हे कुणी सिद्ध केल्याचे दिसत नाही. संशय हाच पुरावा ठरला. ताब्यात घेतलेल्या मुलखात अधिकाऱ्यांची निष्ठा अशीच तपासली जाते. भीतीपोटी, घाईत, आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या चुगलीवरून.

बाळाजींचे पुढचे आयुष्यही सरळ रेघेसारखे नाही. ते पुण्याचे सुभेदार झाले, मग दौलताबाद प्रांताचे सरसुभेदार. दौलताबादचा किल्ला तर मोगलांच्या हातात. म्हणजे एकाच मुलखात मोगलांचाही अंमलदार आणि मराठ्यांचाही. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला दोन्ही दरबारांशी बोलता यावेच लागते. शाहू महाराज १७०७ मध्ये सुटून आले तेव्हा ताराबाईंच्या सेनापती धनाजी जाधवांना शाहूंच्या बाजूला वळवण्यात बाळाजींचा हात होता. १७१३ मध्ये पेशवेपद मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कान्होजी आंग्र्यांना ताराबाईंचा पक्ष सोडायला लावून शाहूंकडे आणले. या प्रत्येक टप्प्यावर कुणाच्या तरी लेखी कुणीतरी निष्ठा बदलत होते.

आता त्या मुलाचा 'आपण'. याच समुद्रावर शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता. १६७९ मध्ये खांदेरीसाठी मायनाक भंडारी आणि दौलतखान इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंजले. समोर सिद्दी कासम, त्याने शेजारची उंदेरी धरली. दोघेही कलमा पढणारे. त्याआधी जंजिऱ्यातच फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करून किल्ला द्यायला तयार झाला होता, तर संबळ, कासम आणि खैर्यत या तीन सिद्दींनी त्याला बाजूला सारले आणि मोगलांची चाकरी धरली. पुढे सिद्दी संबळच्याच घरातला सिद्दी मिसरी संभाजीराजांकडे आला आणि कासमच्या आरमाराशी लढताना जखमी होऊन मेला. तेव्हा जमिनीवर सिद्दीचा वसूल गोळा करणारे देशमुख-देशपांडे बहुतेक हिंदू होते. या चित्रात धर्माची रेघ मारून दोन बाजू पाडता येत नाहीत.

पण मी फक्त सोयीची नावे सांगितली तर तोही खोटेपणा होईल. काझी हैदर हे शिवाजी महाराजांचे फारसी मुन्शी. महाराजांच्या निधनानंतर ते मोगलांकडे गेले आणि पुढे औरंगजेबाच्या राज्यात मुख्य काझी झाले. आमच्या काही मित्रांना हे नाव निघाले की अवघडल्यासारखे होते. मला वाटते अवघडण्याचे कारण नाही. त्याच वर्षांत नागोजी माने, गणोजी शिर्के आणि इतर कितीतरी मराठे सरदार मोगलांच्या चाकरीत गेले. काझी हैदर त्या रांगेतलेच एक. त्यांना त्या रांगेतून उचलून 'मुसलमान म्हणून गेले' असा वेगळा रकाना करायचा असेल, तर मान्यांसाठी आणि शिर्क्यांसाठी कोणता रकाना करणार?

शिर्क्यांचे उदाहरण तर विचार करायला लावते. गणोजी शिर्के संभाजीराजांचे मेहुणे, मोगलांना मिळालेले, म्हणून बदनाम. पण जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराज निसटले, त्यात याच गणोजींची मदत झाली असे बखरी सांगतात. मोबदल्यात खंडो बल्लाळ चिटणीसांनी आपले दाभोळचे वतन त्यांना देऊन टाकले. एकच माणूस, एका प्रकरणात फितूर आणि दुसऱ्यात राजाला वाचवणारा, आणि दोन्हीकडे वतन मध्ये आहेच. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला तेव्हा शिर्के घराण्यातल्या लोकांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली. टीव्हीवर त्यांचे बोलणे ऐकताना मला वाटले, हे दुःख ओळखीचे आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा हिशेब आज तुमच्या आडनावावरून तुमच्याकडे मागितला जातो, तेव्हा कसे वाटते ते आम्ही जाणतो.

मग त्या काळच्या जाणत्या माणसांनी ही निष्ठा कशी मोजली? १६५९ मध्ये अफझलखान आला तेव्हा आदिलशहाने मावळच्या देशमुखांना फर्माने पाठवली : खानाला मिळा, नाहीतर परिणाम भोगा. कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांकडे राहिले. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. नंतर खोपडे सापडले तेव्हा रदबदली कान्होजींनीच केली. महाराजांनी जीव घेतला नाही, पण एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा दिली. या ठिकाणी राजा जवळ होता, लढण्याची वाट खुली होती, निवड समोर होती. म्हणून मोजमापही कडक.

१६८९ नंतर मोजमाप बदलले. राजा जिंजीला, मुलूख मोगलांच्या ताब्यात. रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण यांच्यासारखी माणसे इकडे राज्य सांभाळत होती. औरंगजेब वतने वाटत होता, तर इकडूनही वतने द्यावी लागली, जी गोष्ट शिवाजी महाराजांनी टाळली होती. मोगलांकडे गेलेल्यांना परत यायला दार उघडे ठेवले. गेलात कशाला, हे विचारण्यापेक्षा आता येता का, हे विचारणे जास्त गरजेचे होते. पुढे आज्ञापत्रात रामचंद्रपंतांनी वतनदारांविषयी जे लिहिले ते या अनुभवातून आलेले आहे. हे लोक म्हणजे राज्याचे छोटे वाटेकरीच, परचक्र आले की वतनाच्या आशेने आधी शत्रूला भेटतात आणि इकडचा भेद तिकडे देतात, असे ते स्पष्ट सांगतात. पण म्हणून त्यांना मोडून टाका असे म्हणत नाहीत, धाकात ठेवा आणि सांभाळूनही घ्या असे सांगतात. आणि लक्षात घ्या, हा दोष ते वतनदार या जातीला लावतात. कुठल्या धर्माला लावत नाहीत.

जगात दुसरीकडेही हेच घडले आहे. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स घेतले. राणी आणि सरकार लंडनला गेले, गावोगावचे नगराध्यक्ष आणि कारकून मागे राहिले. हे वाचताना मला जिंजी आठवली. त्यांच्या सरकारने १९३७ मध्येच अधिकाऱ्यांसाठी गुप्त सूचना तयार ठेवल्या होत्या. त्यांचा मतलब असा : तुमच्या राहण्याने लोकांचे हित होत असेल तर पदावर राहा, त्याहून शत्रूचा फायदा जास्त होऊ लागला तर पद सोडा. ऐकायला सोपे. पण तो क्षण नेमका कधी येतो? तिथल्या कारकुनांनी लोकसंख्येची रजिस्टरे फार चोख ठेवली होती. त्याच रजिस्टरांवरून ज्यू कुटुंबे शोधणे नाझींना सोपे गेले. सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. त्यातल्या बहुतेक कारकुनांनी 'मी गद्दारी करतोय' असे मनात आणलेही नसेल. ते फक्त काम करत राहिले. आजही डच भाषेत 'युद्धकाळातला नगराध्यक्ष' हा अशा पेचासाठी वापरला जाणारा शब्दप्रयोग आहे.

नॉर्वेत क्विसलिंग नावाचा पुढारी जर्मनांना मिळाला. त्याचे नाव युरोपात सूर्याजी पिसाळासारखेच शिवी होऊन बसले. १९४५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. क्विसलिंगला शिवी देणे सोपे आहे. रजिस्टर लिहिणाऱ्याचे काय करायचे, हा कठीण प्रश्न.

हे सगळे वाचून मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. पहिला, त्याला दुसरी वाट होती का? कान्होजी जेध्यांना होती. सिद्दीच्या मुलखातल्या एखाद्या गरीब कुलकर्ण्याला कदाचित नव्हती. दुसरा, पदावर राहून त्याने गावाचे काय केले? वसुलीच्या वेळी रयतेला सवलत मिळवून दिली की शिपायांना घरे दाखवली? तिसरा, त्याने स्वतःसाठी काय घेतले? ज्याने फक्त जीव वाचवला आणि ज्याने शेजाऱ्याची जमीन आपल्या नावावर करून घेतली, ते दोघे एका तागडीत बसत नाहीत. या तीन प्रश्नांवर सूर्याजी पिसाळालाही उभे करा, काझी हैदरलाही आणि बाळाजी भटालाही. उत्तरे वेगवेगळी येतील, काही आपल्याला न आवडणारी येतील. पण या तिन्ही प्रश्नांत 'त्याचा धर्म कोणता' हा प्रश्न कुठे येत नाही. तो प्रश्न आपण नंतर, आपल्या काळात, आपल्या सोयीने घातला.

हा हिशेब आपल्या लोकांनाही लागू आहे, हे विसरून चालणार नाही. सिद्दीचे राज्य होते म्हणून ते आपले, असे मनातल्या मनात मानणारे आमच्यातही आहेत. ज्या सिद्दीने संशयावरून एका माणसाला पोत्यात घालून बुडवले असे सांगतात, त्याचा अभिमान मी केवळ त्याच्या नावावरून बाळगू शकत नाही. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर त्या दिवशी जानोजीच्या घरातल्या बायका रडल्या असतील, तर शेजारच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी त्यांना धीर दिला असेल, असे मला मानावेसे वाटते. त्याचा कागद कुणी ठेवलेला नाही. कागद वतनाच्या भांडणांचे राहतात, शेजारधर्माचे राहत नाहीत.

त्या मुलाला मी यंदा उत्तर दिले. तो आता आठवीत आहे, व्हरांड्यात भेटला. म्हटले, "तू विचारलं होतंस ना, आपण कोणाच्या बाजूने होतो? काही दौलतखानाच्या गलबतावर होते, काही सिद्दीच्या. बरेचसे भात लावत होते, मासे पकडत होते, आणि दोन्हीकडच्या शिपायांना घाबरत होते." तो जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे सगळ्यांसारखेच?"

हो बाळा, सगळ्यांसारखेच. प्रशिक्षणातल्या त्या बाई पुन्हा भेटल्या की त्यांनाही हेच सांगणार आहे. आणि बागमांडल्याच्या जेट्टीपर्यंत माझ्याबरोबर चला म्हणणार आहे. ती खाडी एकदा पाहिली की माणूस घाईने कुणाला गद्दार म्हणत नाही.